चातुर्मासाचा नेम आणि घरातला मोडी कागद

मोडी लिपी शिकायची असेल तर वर्ग, पुस्तक किंवा लेखणी शोधण्याआधी आपल्याला नेमका कोणता कागद वाचायचा आहे, हे ठरवावे. जुन्या मराठी घरांत असा एखादा कागद बहुधा सापडतोच: ट्रंकेच्या तळाशी, फडताळात किंवा सातबाऱ्याच्या फायलीत घडी करून ठेवलेला, घडीवर विरलेला, आणि ‘काय लिहिले आहे कोण जाणे, पण टाकू नका’ एवढ्या एका सूचनेसह पुढच्या पिढीकडे आलेला. आमचा असा कागद माझ्या आत्याजवळ होता. त्याआधी दोनदा मी मोडीला हात घातला होता आणि दोन्ही वेळा मुळाक्षरे संपता संपता उत्साहही संपला, कारण ‘मोडी येणे’ हे ध्येय इतके मोघम होते की आज आपण त्याच्या किती जवळ आलो, हे कोणत्याच दिवशी सांगता येत नव्हते. तिसऱ्या वेळी आत्याकडच्या कागदाचा फोटो मेजावर ठेवला, आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतची मुदत घातली आणि ‘हा एक कागद मुदतीच्या आत, कोणाच्या मदतीशिवाय, वरपासून खालपर्यंत वाचायचा’ एवढाच पण केला. तो पुरा झाला. त्या चार महिन्यांत जे उपयोगी पडले ते येथे मांडत आहे.

घरात कागद नसेल तर नातेवाइकांकडे विचारावे, गावच्या जुन्या देवस्थानाच्या कारभाऱ्यांकडे चौकशी करावी, किंवा आपल्या गावाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील, म्हणजे गाव नमुना १४ मधील, एखाद्या पानाची नक्कल मागावी. या नोंदी कोतवाल बुक म्हणूनही ओळखल्या जातात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत मोडी वाचणाऱ्या माणसांची अचानक किती गरज भासली, हे अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत, पार तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही आहेत; मात्र आरंभी या साऱ्यांकडे पाहू नये. आपला कागद एकच असावा आणि त्यात आपल्या ओळखीची निदान दोन-तीन नावे असण्याची शक्यता असावी. अनोळखी लिपीत ओळखीचे नाव सापडणे ही पुढच्या सगळ्या वाचनाची किल्ली ठरते, असा माझा अनुभव आहे.

मूळ कागद एकदाच बाहेर काढावा. दिवसाच्या उजेडात, खिडकीशेजारी, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी, तो सपाट पसरून त्याचे पूर्ण आणि तुकड्यातुकड्यांनी जवळून असे फोटो घ्यावेत आणि मग तो परत नेऊन ठेवावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये आणि पुसट अक्षर दिसावे म्हणून पाण्याचा बोळा फिरवू नये. पुढील सारा अभ्यास फोटोच्या मोठ्या छापील प्रतीवर करावा, कारण तिच्यावर पेन्सिलीने खुणाही करता येतात.

नेम कसा आखावा

चातुर्मासात एखादा नेम धरण्याची आपली रीत नवी कला शिकण्यासाठी फार सोयीची आहे. तिला सुरुवात आणि शेवट आहे, रोजची ठरलेली कृती आहे, अखेरीस उद्यापन आहे आणि नेम मोडू नये हे घरातल्या सर्वांना ठाऊक असल्यामुळे आपण रोज त्याच वेळी वही घेऊन का बसतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आषाढी ते कार्तिकी हा काळ साधारण १२० दिवसांचा असतो. मध्ये अधिक मास आला, जसा २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तर पाच महिने मिळतात. रोज ४० मिनिटे धरली आणि गणपती, नवरात्र, प्रवास, आजारपण यांत दहा दिवस गेले असे मानले, तरी ११० दिवसांत ४,४०० मिनिटे, म्हणजे ७३ तासांहून थोडी अधिक बैठक होते. एवढ्यात शिवकालीन पत्रे वाचता येणार नाहीत, हे आधीच स्पष्ट असलेले बरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, बऱ्या हाताने लिहिलेला घरगुती दस्त वाचण्यापुरती तयारी नक्की होते.

दिवाळी कार्तिकी एकादशीच्या अगोदर येते, त्यामुळे मुदतीचे शेवटचे दोन-तीन आठवडे फराळ, पाहुणे आणि प्रवास यांत जातात. म्हणून प्रत्यक्ष कागद वाचण्याचे काम दसऱ्याच्या सुमारास सुरू झालेच पाहिजे, असे वेळापत्रक करावे आणि दिवाळीनंतरचे दिवस फक्त अडलेल्या जागांसाठी राखून ठेवावेत. मी दसऱ्याला सुरुवात केली आणि त्यामुळेच मुदत गाठता आली.

रोजच्या नेमाला एक खालची मर्यादा असावी. कितीही थकवा असला तरी शिरोरेघ ओढून तिच्याखाली एक ओळ लिहिल्याशिवाय झोपायचे नाही, ही ती मर्यादा; तिला पाच मिनिटे पुरतात. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून भरपाई करण्याच्या फंदात पडू नये, कारण साचलेल्या थकबाकीच्या ओझ्यानेच नेम सुटतात. त्या दिवसाचे पान कोरे सोडून पुढे जावे. आणि या नेमाला एकच साक्षीदार असावा. मी दर रविवारी आत्याला फोन करून त्या आठवड्यात कागदातला कोणता नवा शब्द लागला, ते सांगत असे. ज्या रविवारी सांगण्यासारखे काही नसे त्या रविवारी ती शांतपणे ‘बरं, पुढच्या रविवारी सांग’ म्हणे आणि त्या चार शब्दांचा परिणाम सोमवारच्या बैठकीवर होई.

लेखणी, शाई आणि शिरोरेघ

मोडी डोळ्यांनी नव्हे तर हाताने शिकावी लागते, हे या लेखातले माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. ही लिपी वेगाने लिहिण्यासाठी वापरात राहिली. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे तिच्याखाली टांगत जायचे, अशी तिची पद्धत. एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या सुरुवातीत वाहत जातो, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्हे नसतात आणि ओळ संपली की शब्द मध्येच तुटून उरलेला भाग पुढच्या ओळीत जातो. छापील तक्त्यावर सुटे अक्षर पाहून जी ओळख होते ती या वाहत्या ओळीत टिकत नाही. मात्र तेच वळण आपल्या हाताने शेकडो वेळा घेतलेले असले, तर लेखकाचा हात कोठून निघाला आणि कोठे वळला, हे डोळ्यांना आपोआप दिसू लागते. मोडी हे नाव ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडले जाते आणि तिच्या तुलनेत देवनागरीला बाळबोध म्हणत. बाळबोध ही सावकाश, सुटी, पोथीची लिपी. मोडी ही कचेरीची, हिशेबाची आणि घाईची.

पहिल्या आठवड्यात मी जेल पेन वापरला आणि ती चूक होती, कारण त्याची रेघ सर्वत्र सारख्याच जाडीची उमटते आणि वळण कोणत्या दिशेने घेतले हे कागदावर दिसत नाही. बोरू, म्हणजे बोरूच्या काडीची लेखणी, तिरका कापलेला असतो, त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड होते आणि दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. जुन्या कागदात ही जाडी-बारीकच अक्षराची ओळख पटवते. सुलेखनाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत कापलेला बोरू मिळतो. तो न मिळाल्यास सपाट, तिरक्या निबेचे साधे पेन घ्यावे. दौत, साधी काळी शाई, एकेरी ओळींची वही आणि शाई टिपायला जुने सुती कापड, एवढे साहित्य पुरते. वहीची छापील ओळ शिरोरेघ समजून अक्षरे तिच्याखाली लिहावीत. देवनागरी लिहिताना आपण अक्षर आधी आणि रेघ नंतर काढतो. ही सवय मोडायला मला सुमारे दहा दिवस लागले.

मोडीचे टंक आज संगणकावर आणि मोबाइलवरही उपलब्ध आहेत, कारण २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. ही मोठी गोष्ट आहे आणि लिप्यंतर छापताना तिचा उपयोग होतो, पण शिकताना टंकावर अवलंबून राहू नये. टंकातले अक्षर नेहमी सारखेच असते. हाताने लिहिलेले अक्षर एकाच ओळीत तीन वेळा आले तर तीन रूपांत येते आणि आपल्याला ती तिन्ही रूपे ओळखायची असतात.

अक्षरांचा क्रम

मुळाक्षरे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ घोकण्याऐवजी आपल्या कागदात जी नावे असण्याची शक्यता आहे ती आधी देवनागरीत लिहून काढावीत: पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, आडनाव, गाव, तालुका, नदी, शेजारच्या दोन-तीन गावांची नावे. या नावांत येणारी पंधरा-वीस अक्षरे पहिल्या दोन आठवड्यांत पक्की करावीत आणि तीही सुटी नव्हे तर नावांतच, कारण अक्षर शेजाऱ्याला धरून कसे बदलते, हे तेथेच कळते. उरलेली अक्षरे तिसऱ्या आठवड्यात घेतली तरी चालतात. एखादा चांगला वर्ग जवळ असेल तर अवश्य लावावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, जे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झाले, आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय अशा संस्था मोडीचे वर्ग घेत आल्या आहेत. मात्र वर्ग ही नेमाची जागा घेऊ शकत नाही. आठवड्यातून दोन तास गुरुजींसमोर बसून उरलेले दिवस वही मिटलेली राहिली, तर हात तयार होत नाही.

त्यानंतर बाराखडी येते आणि मोडीत खरी मेहनत तिथेच आहे. देवनागरीत काना ही अक्षराशेजारची वेगळी उभी रेघ असते; मोडीत तो बहुधा अक्षराच्या अंगातूनच वर शिरोरेघेकडे जातो, त्यामुळे काही अक्षरांना काना लागला की त्यांचे मूळ रूप ओळखू येईनासे होते. ‘र’ जोडाक्षरात आला की त्याचे रूप निराळे होते. दुसरीकडे काही गोष्टी सोप्याही आहेत: ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला भेद मोडीत पाळला जात नाही, म्हणून वेलांटी एकच आणि उकार एकच शिकावा लागतो, आणि अनुस्वार तर लिहिणारे पुष्कळदा गाळतातच. लिहिताना याने काम हलके होते, पण वाचताना मात्र ‘दीन’ आणि ‘दिन’, ‘सूत’ आणि ‘सुत’, किंवा ‘गंध’ आणि अनुस्वार गळालेला ‘गध’ यांतला निवाडा संदर्भावरूनच करावा लागतो, याची सवय आतापासून ठेवावी. मी बाराखडीसाठी तीन पूर्ण आठवडे दिले आणि आणखी एक दिला असता तर बरे झाले असते, असे आज वाटते. दोन अक्षरांत गोंधळ होऊ लागला की ती दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी, प्रत्येकी पन्नास वेळा लिहावीत आणि त्यांच्यातला फरक बाजूला स्वतःच्या शब्दांत नोंदवावा. हा गोंधळ प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याने करून दिलेला तक्ता येथे फारसा कामी येत नाही.

आपलीच रोजनिशी

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून रोज त्या दिवसाची हकीकत मोडीत चार ओळी लिहावी: काय खाल्ले, कोण आले, पाऊस किती पडला, बाजारातून काय आणले, भाजी काय भावाने मिळाली. शब्दांत जागा सोडू नये, विरामचिन्हे देऊ नयेत, शक्य तितक्या वेगाने लिहावे. आणि लिहिलेले पान लगेच वाचून पाहू नये. बरोबर आठ दिवसांनी उघडावे. आठ दिवसांत मजकूर आपल्या मनातून गेलेला असतो आणि आपलेच अक्षर आपल्याला परक्यासारखे समोर येते. पहिल्यांदा मी असे पान उघडले तेव्हा चार ओळी वाचायला वीस मिनिटे लागली आणि दोन शब्द शेवटपर्यंत लागले नाहीत. महिन्याभराने तेवढेच पान तीन मिनिटांत वाचून होऊ लागले. प्रगती मोजण्याचे याहून खरे माप मला सापडले नाही, म्हणून पानाच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख, वाचल्याची तारीख आणि लागलेली मिनिटे नोंदवून ठेवावीत.

नवव्या आठवड्याच्या सुमारास बहुतेकांची पावले अडतात आणि ते का घडते, हे ठाऊक असले तर घाबरायला होत नाही. तोवर आपले अक्षर आपल्याला वाचता येते, तक्त्यातली अक्षरे ओळखता येतात, पण जुना कागद समोर धरला की पुन्हा सगळे वळणांचे जाळे दिसते. आपल्या डोळ्यांनी एकच हात, म्हणजे एकाच माणसाचे अक्षर, पाहिलेला असतो, हे त्याचे कारण. येथे बोरू काही दिवस बाजूला ठेवून जितके वेगवेगळे हात पाहता येतील तितके पाहावेत. छापून प्रसिद्ध झालेल्या मोडी पत्रांच्या छायाप्रती, ज्यांच्या शेजारी बाळबोध वाचन दिलेले असते, त्या या टप्प्यावर उत्तम. उत्तर झाकून एक ओळ वाचावी, मग उघडून ताडून पाहावी. पेशवेकाळातले अक्षर बहुधा सर्वांत सुबक आणि वळणदार असते, त्यामुळे ते आधी घ्यावे. इंग्रजी अमदानीत टाक, म्हणजे धातूच्या निबेची लेखणी, आल्यावर लिहिलेले अक्षर अनेकदा किरटे आणि घाईचे असते आणि दुर्दैवाने आपल्या घरचा कागद बहुधा त्याच काळातला असतो.

मजकुराचा साचा आणि तारखा

अक्षरे येऊनही कागद अडतो तो शब्दांमुळे. जुन्या कागदांत फारसी-अरबी वळणाचे शब्द भरलेले असतात आणि ते माहीत नसतील तर अक्षर बरोबर लागूनही वाचणारा स्वतःवर विश्वास ठेवत नाही. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला, ‘मौजे’ म्हणजे खेडे, ‘कसबे’ म्हणजे पेठेचे गाव, ‘अमका बिन तमका’ म्हणजे अमका हा तमक्याचा मुलगा, ‘अमकी कोम तमका’ म्हणजे तमक्याची बायको. ‘तागाईत’ म्हणजे पर्यंत; तो आणि ‘बाबत’, ‘सदरहू’ हे तर जागोजाग येतात. असे शब्द पाठ करण्याऐवजी बाळबोधात छापलेली जुनी पत्रे रोज पानभर वाचावीत. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडून १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केलेले ४५ खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि त्यांतला कोणताही खंड या कामाला चालतो. भाषा कानात बसली की पुढचा शब्द कोणता असणार, याचा अंदाज अक्षर वाचण्याआधीच येऊ लागतो.

दस्तऐवजांचा साचा ठरलेला असतो आणि त्याची मदत मोठी आहे. वर ‘श्री’, मग शक, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी, नंतर लिहून घेणाऱ्याचे नाव, लिहून देणाऱ्याचे नाव, ‘कारणे’ गहाणखत किंवा खरेदीखत लिहून दिले ‘ऐसे जे’, मग व्यवहार, जमिनीच्या चारी दिशांच्या सीमा, आणि शेवटी साक्षी व सह्या. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची खूण करी आणि तिच्याशेजारी ‘निशाणी नांगर’ असे लिहिलेले असे. आकड्यांत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे ‘५॥’ हे साडेपाच रुपये किंवा पाच रुपये आठ आणे, कारण रुपयाचे १६ आणे. धान्य खंडी-मणांत असते आणि एका खंडीचे २० मण होतात. जमीन बिघ्यांत असेल तर २० पांडांचा बिघा धरावा.

तारीख हा कागदातला सर्वांत आधी सोडवावा असा भाग, कारण ती लागली की कागदाचा काळ ठरतो आणि ताडून पाहण्याची सोयही तिच्यातच असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषापासून पुढच्या काही महिन्यांत ७९. आणि संवत्सरांची नावे दर ६० वर्षांनी फिरून येतात. आमच्या कागदात शकाचा शेवटचा आकडा पुसट झाला होता, १८२१ की १८२७ हे कळत नव्हते, पण संवत्सराचे नाव ‘विश्वावसु’ असे स्पष्ट होते. २०२५च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या शके १९४७चे नाव विश्वावसु आहे. त्यातून ६०-६० वजा केले की १८८७ आणि १८२७ येतात. म्हणजे आकडा सातच आणि कागद १९०५-०६ मधला. स्टँपावर सातव्या एडवर्ड बादशहाची मुद्रा होती, ज्याची कारकीर्द १९०१ ते १९१० अशी होती, तिनेही या वाचनाला दुजोरा दिला.

पेशवाईतला कागद ज्यांच्या हाती आला असेल त्यांना सुहूर सनही शिकावा लागेल. त्यात वर्ष अरबी संख्याशब्दांनी लिहितात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ, अशर दहा, इशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद, मया शंभर, मयातैन दोनशे आणि अलफ हजार. आधी एकक, मग दशक, मग शतक असा उलटा क्रम असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंत ६०० मिळवावे. जानेवारीतला कागद असेल तर ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१, पानिपतचे वर्ष. तारखेआधी ‘छ’ असे अक्षर असेल तर ती चांद्र तारीख, आणि पुढे रजब, शाबान, रमजान अशी हिजरी महिन्यांची नावे येतात. हा कोष्टकांचा भाग कोरडा वाटेल, पण मला त्यात सर्वाधिक आनंद मिळाला, कारण येथे उत्तर चूक की बरोबर, हे आपले आपल्यालाच पडताळता येते.

प्रत्यक्ष कागद

दसऱ्याला कागद हाती घ्यावा आणि पहिल्या ओळीपासून वाचण्याचा हट्ट धरू नये. छापील प्रतीवर ओळींना क्रमांक द्यावेत, मग ओळखीची नावे, गाव, आकडे आणि साच्यातले शब्द जेथे दिसतील तेथे पेन्सिलीने खूण करावी. या खात्रीच्या शब्दांतली अक्षरे कापून किंवा रेखून एका पानावर ‘या हाताची बाराखडी’ तयार करावी: हा लेखक ‘क’ कसा काढतो, ‘का’ कसा, ‘ला’ कसा. अडलेला आकार या पानाशी ताडावा, आणि तेथेही नसेल तर कागदात तोच आकार आणखी कोठे आला आहे, ते शोधावे. एका जागी न लागणारे अक्षर दुसऱ्या जागी, शेजारचे अक्षर स्पष्ट असल्यामुळे, सहज लागते. पंधरा-वीस मिनिटांत शब्द लागला नाही तर जागा मोकळी सोडून पुढे जावे. आम्हाला सतावलेला एक शब्द मी अकरा दिवस मोकळा ठेवला होता आणि तो शेवटी ‘ओढा’ निघाला, शेताच्या पश्चिमेची सीमा.

लिप्यंतर करताना मूळ शुद्धलेखन सुधारू नये, गाळलेला अनुस्वार स्वतः भरू नये, शब्द आजच्या भाषेत बदलू नये. जेथे शंका असेल तेथे शब्दापुढे प्रश्नचिन्ह द्यावे आणि जेथे कागद फाटला आहे तेथे तसे लिहावे. अर्थावरून अक्षर ठरवण्याचा मोह फार होतो. घरच्या कागदात तो अधिकच होतो, कारण आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्यात सापडावी असे आपल्याला वाटत असते. आमच्या घरात असे सांगत की त्या कागदाने पणजोबांनी शेत विकत घेतले. कागद मात्र गहाणखत निघाला: शेत आधीपासूनच घरचे होते आणि ते गहाण टाकले गेले होते. मी तो शब्द तीन दिवस ‘खरेदी’ असा लावण्याचा प्रयत्न करत होते. शेवटी ‘या हाताची बाराखडी’ समोर ठेवल्यावर पहिले अक्षर ‘ख’ असूच शकत नाही, हे मान्य करावे लागले.

लिहून देणारे दोघे होते, पणजोबा आणि त्यांची विधवा आई. तिचे नाव, ‘कोम’ आणि मग तिच्या नवऱ्याचे नाव अशा क्रमाने, चौथ्या ओळीत आहे. आमच्याकडे कोणालाच ते नाव ठाऊक नव्हते. वंशावळीत तिच्या जागी नुसती रेघ होती. त्या रविवारी मी ते फोनवर वाचून दाखवले तेव्हा आत्याने ते दोनदा म्हणायला लावले आणि मग स्वतः एकदा म्हटले.

कार्तिकी एकादशीला पूर्ण लिप्यंतर स्वच्छ अक्षरात दोन प्रतींत लिहून काढले. एक प्रत मूळ कागदासोबत, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, घडी न घालता ठेवली आहे आणि दुसरी आत्याकडे आहे. दोन्हींच्या मागे लिप्यंतर कोणी केले, कोणत्या तारखेला केले आणि कोणत्या ओळीतले कोणते तीन शब्द अजून शंकास्पद आहेत, हे देवनागरीत नोंदवले आहे, म्हणजे पुढे अधिक जाणता वाचक भेटला तर त्याला नेमकी तीच जागा दाखवता येईल.